लामार्कला जिराफाच्या मानेवरून खाली उतरवा

वाळवीवेडा (धागाकर्ता):

दहावीच्या विज्ञानात उत्क्रांतीचा धडा येतो, त्यात लामार्क भेटतो तो जेमतेम. जिराफाने पिढ्यान्‌पिढ्या मान ताणली म्हणून ती लांब झाली, लोहाराचे खांदे घण मारून मारून बळकट झाले, आणि लगेच निकाल: हे चुकीचं ठरलं. बाकी धडा डार्विनचा. पोरांच्या डोक्यात कायमचं बसतं की लामार्क म्हणजे तो येडचाप फ्रेंच माणूस, ज्याला जिराफ कळला नाही.

माझं म्हणणं असं, की ज्या गोष्टीसाठी जगाने या माणसाला लक्षात ठेवलंय ती मुळात त्याची नव्हती, आणि जी त्याची होती ती दुसऱ्यांच्या खात्यात जमा झाली.

आधी माणूस कोण ते सांगतो. जन्म १ ऑगस्ट १७४४, उत्तर फ्रान्सच्या पिकार्डी भागातलं बाझांतँ नावाचं खेडं. घराणं खानदानी पण कफल्लक, अकरा भावंडांत हा शेंडेफळ. धर्मगुरू व्हावा म्हणून जेझुइटांच्या शाळेत घातलेला. १७६० मध्ये बाप वारला, तसा हा पठ्ठ्या घोड्यावर बसून थेट रणांगणावर. सप्तवार्षिक युद्ध चालू होतं. पुढच्या वर्षी फिलिंगहाउझेनच्या लढाईत तुकडीतले अधिकारी एकामागून एक पडले, तरी हुकूम आल्याशिवाय हटणार नाही म्हणून हे सोळा-सतरा वर्षांचं पोर जागेवरून हललं नाही. लढाईत काही झालं नाही. पुढे एका सोबत्याने मस्करीत डोकं धरून वर उचललं, मानेला इजा झाली आणि फौज सुटली. मान ही त्याच्या नशिबात लिहिलेलीच होती म्हणायची.

मग पॅरिस. तुटपुंजं पेन्शन, बँकेत कारकुनी, थोडं वैद्यकीचं शिक्षण, आणि वनस्पतीशास्त्रज्ञ ज्युसिएंच्या हाताखाली वनस्पतींचा नाद. १७७८ मध्ये फ्रान्सच्या वनस्पतींवर तीन खंडांचा ग्रंथ तयार झाला, तो राजाच्या बागेचा प्रमुख ब्युफाँ याने वजन वापरून सरकारी छापखान्यात छापून दिला. पुढच्याच वर्षी विज्ञान अकादमीत जागा.

खरी गंमत राज्यक्रांतीनंतरची. १७९३ मध्ये राजाच्या बागेचं राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय झालं आणि बारा प्राध्यापक नेमले. लामार्क पन्नाशीला टेकलेला, आयुष्यभर झाडंपानं केलेला. त्याच्या वाट्याला आले ‘कीटक, कृमी आणि सूक्ष्म प्राणी’, म्हणजे ज्यांना कुणी वाली नव्हता ते. सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने पाठीचा कणा नसलेली अख्खी दुनिया दोन वर्गांत कोंबून ठेवली होती. याने कोळी आणि विंचू कीटकांतून बाहेर काढले, खेकडे-कोळंबीचा वर्ग वेगळा केला, गांडुळांचा वेगळा केला. ‘अपृष्ठवंशी’ हा गट म्हणून आज आपण शिकतो तो याचा. वयाच्या पन्नाशीत अनोळखी विषय हातात घेऊन त्याचा पाया घालणारे किती जण आठवतात?

या शिंपल्या-गोगलगायींच्या ढिगातूनच त्याला दिसायला लागलं की जाती अचल नाहीत. ११ मे १८०० रोजी विद्यार्थ्यांपुढच्या व्याख्यानात त्याने ते पहिल्यांदा मांडलं, आणि १८०९ मध्ये ‘फिलॉसॉफी झूलॉजिक’ हा ग्रंथ आला. सजीव साध्यापासून गुंतागुंतीचे होत गेले, परिस्थिती बदलली की सवयी बदलतात, सवयी बदलल्या की शरीर बदलतं, हे सगळं निसर्गाच्या नियमांनी होतं, मध्ये कुठे चमत्कार लागत नाही. झाडावरून उतरून दोन पायांवर चालू लागलेल्या वानरापासून माणूस कसा घडू शकेल, हेही त्यात आहे. डार्विनचा ग्रंथ यायला तेव्हा पन्नास वर्षं होती. डार्विन जन्मला त्या वर्षी!

आणि जिराफ? दोन खंडांच्या त्या ग्रंथात मोजक्या ओळी. कमावलेले गुण पोरांत उतरतात ही कल्पनाही लामार्कची नव्हे, त्याच्या आधी दोन हजार वर्षं लोक तेच मानत होते. डार्विनही मानत होता. मग ‘लामार्कवाद’ हे नाव त्यालाच का?

काढून टाका तो जिराफ पुस्तकातून. मतं येऊ द्या.


तिरकस:

आपल्याकडे उपेक्षित माणूस दिसला की हुतात्मा करायची घाई फार. तुम्ही जे सांगितलंत ते खरं आहे, पण जे वगळलंत तेही खरं आहे.

हाच लामार्क लाव्हाझिएचं नवं रसायनशास्त्र शेवटपर्यंत नाकारत राहिला. ऑक्सिजनचा सिद्धांत सगळ्या युरोपाने मान्य केला तरी हा आपला अग्नितत्त्वाला धरून. १८०० ते १८१० दरवर्षी हवामानाची पंचांगं काढली, चंद्राच्या स्थितीवरून पावसापाण्याचे अंदाज. लोक हसले. नामशेष होणं त्याला मान्य नव्हतं. जीवाश्मातली जात आज दिसत नाही म्हणजे ती बदलून दुसरी झाली, फार तर माणसाने काही मोठी जनावरं मारून संपवली असतील, एवढंच. इकडे त्याच संग्रहालयातल्या, जाती बदलतात हे न मानणाऱ्या कुव्हिएने १७९६ मध्येच हाडं समोर ठेवून दाखवलं होतं की मॅमथ हा आजच्या हत्तींहून वेगळा आणि संपलेला प्राणी आहे. म्हणजे या एका मोठ्या प्रश्नात ‘खलनायक’ कुव्हिए बरोबर आणि तुमचा नायक चूक.

आणि पुरावा? ममी विसरलात. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेतून प्राणिशास्त्रज्ञ जोफ्र्वाने मांजरांच्या, आयबिस पक्ष्यांच्या ममी आणल्या. कुव्हिएने त्या सोडवून आजच्या आयबिसशी हाडन्‌हाड ताडून पाहिली. हजारो वर्षांत काडीचा फरक नाही. हे विज्ञान. ‘माझ्या मते सवयींमुळे बदल होतो’ हे विज्ञान नव्हे, भले निष्कर्ष अर्धा बरोबर निघो.

विज्ञानात मान मिळतो तो सिद्ध करणाऱ्याला. कल्पना काय, चहाच्या टपरीवर पण सुचतात.


वाळवीवेडा:

ममींचा मुद्दा काढलात ते बरं झालं. त्या ममींवरच्या १८०२ च्या अहवालावर तिघांच्या सह्या आहेत: लासेपेद, कुव्हिए आणि लामार्क. म्हणजे जे दिसलं ते त्याने लपवलं नाही, सही केली. त्याचं उत्तर एवढंच की इजिप्तचं हवापाणी तेव्हा जे होतं तेच आज आहे, मग पक्षी बदलेल कशाला? आणि दोन-तीन हजार वर्षं म्हणजे पृथ्वीच्या वयात किती? त्या काळी पृथ्वी काही हजार वर्षांची मानणारे विद्वान ढिगाने होते, तेव्हा हा माणूस काळाला मर्यादाच घालत नव्हता.

हाडं जुळवण्यात कुव्हिए बरोबर होता, पण त्यावरून ‘जाती बदलत नाहीत’ हा त्याने काढलेला निष्कर्ष चूक. आज जीवशास्त्राचा कोणताही विद्यार्थी लामार्कचंच उत्तर देईल.

पंचांगाचं म्हणाल तर मान्य, ते फुकट गेलं. पण ढगांना प्रकारवार नावं द्यायचा प्रयत्नही त्याच पंचांगात १८०२ मध्ये आहे, इंग्लंडच्या हॉवर्डच्या भाषणाआधी. नावं हॉवर्डची टिकली. हेही लामार्कच्या पत्रिकेतच होतं बहुतेक.


चिवडाप्रेमी:

माझे आजोबा तालमीतले नामांकित पैलवान. मी जिना चढलो की धापा टाकतो. लामार्क खोटा. धागा बंद करा.


जनुकजागर:

सगळे जुन्या गोष्टी उगाळताय. एपिजेनेटिक्स, म्हणजे डीएनएचा क्रम तोच राहून जनुकं चालू-बंद कशी होतात याचं शास्त्र, आल्यापासून लामार्क परत आलाय हो! दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडली, नेदरलँड्समध्ये भयंकर उपासमार झाली. तेव्हा ज्या बायका गरोदर होत्या त्यांच्या मुलांच्या डीएनएवरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा साठ वर्षांनीही वेगळ्या सापडल्या. आईने भोगलं ते लेकराच्या जनुकांवर उमटलं. हे लामार्क नाही तर काय? पाठ्यपुस्तकं मागासलेली आहेत, तिरकस यांच्यासारखीच.


पेट्रीडिश:

रोज याच विषयात हात घालत असल्यामुळे थोडं लांबण लावते.

जनुकजागर, डच उपासमारीचा अभ्यास उत्तम आहे, पण त्यातून तुम्ही म्हणता ते निघत नाही. ते बाळ तेव्हा आईच्या पोटात होतं. उपास त्यालाही घडला. बाळ मुलगी असेल तर तिच्या अंडपेशी गर्भातच तयार व्हायला लागतात, म्हणजे पुढची नातही पेशीच्या रूपात तिथे हजर होती. आईकडून आलेला खरा वारसा म्हणायचा तर परिणाम पणतीपर्यंत पोचला पाहिजे, जिचा त्या हिवाळ्याशी थेट संबंध नाही. माणसांत असा भक्कम पुरावा मिळवणं महाकठीण, कारण सस्तन प्राण्यांत अंडं-शुक्राणू घडताना आणि गर्भ रुजण्याच्या सुमाराला या खुणा मोठ्या प्रमाणावर पुसल्या जातात.

उंदरांत २००३ चा प्रसिद्ध प्रयोग आहे. अगूटी जातीच्या गरोदर माद्यांना फॉलिक आम्ल, बी-१२ वगैरे घातलेलं खाणं दिलं, तर पिवळ्याधमक, लठ्ठ होणाऱ्या पिल्लांऐवजी तपकिरी पिल्लं जास्त झाली. जनुकाची अक्षरं तीच, फक्त ते जनुक बंद झालं. वनस्पतींत हे जास्त टिकतं. लिनारिया नावाच्या झाडाचं एक विचित्र फूल लिनियसने १७४४ मध्ये, म्हणजे लामार्क जन्मला त्याच वर्षी, वर्णन करून ठेवलं होतं. १९९९ मध्ये कळलं की त्यात डीएनएचा क्रम बदललेलाच नाही, एका जनुकावर मिथाइलचा थर चढलाय आणि तो बियांतून पुढे जातो.

तर हो, डीएनएच्या अक्षरांपलीकडचा वारसा असतो. पण लामार्कचं म्हणणं काय होतं? अवयव वापरला की वाढतो, आणि ती वाढ, जी प्राण्याच्या गरजेची आहे, ती पुढच्या पिढीला मिळते. उपासमारीच्या खुणा उपाशी बाळाला पुढे फायद्याच्या ठरतात असं कुठेय? उलट त्या लोकांत मधुमेह, हृदयविकाराचं प्रमाण जास्त दिसलं. लामार्कच्या जवळ जाणारं उदाहरण हवं असेल तर जिवाणूंचं क्रिस्पर घ्या. विषाणूचा हल्ला परतवताना जिवाणू त्याच्या डीएनएचा तुकडा कापून आपल्या जनुकांत डकवतो, आणि त्याच्या लेकरांना त्या विषाणूपासून आयतं संरक्षण मिळतं. कमावलेला, उपयोगाचा आणि वारशाने जाणारा गुण. तिथे मी टोपी काढेन. जिराफाच्या बाबतीत नाही.

आणि धागाकर्त्यांनी अलगद टाळलेला भाग: लामार्कच्या सिद्धांताचा मुख्य खांब सवयी नव्हताच. सजीवांत आपोआप वरच्या पायरीला जाण्याची अंगभूत ओढ आहे, आणि तळाशी निर्जीवापासून नवे साधे जीव सतत तयार होताहेत, हा होता. त्याच्या हिशोबाने आजचा अमीबा आपला लांबचा भाऊबंद नाही, तो नुकताच जिना चढायला लागलेला नवा गडी आहे. म्हणजे सगळ्यांचा एक पूर्वज ही गोष्ट त्याच्याकडे नाही, आणि उत्क्रांतीचा कणा तर तीच आहे. १८४४ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ मित्र हूकरला लिहिलेल्या पत्रात लामार्कच्या मूर्खपणापासून देव वाचवो असं डार्विन म्हणतो, ते या वर चढण्याच्या ओढीबद्दल. जिराफाबद्दल नाही.


तिरकस:

पेट्रीडिश ताई, पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या बाजूने अभ्यास करून बोललं. भरून आलं.

त्यात वाइसमानची भर घालतो. १८८० च्या दशकात जर्मनीत या गृहस्थाने उंदरांच्या शेपट्या कापल्या, त्यांची पिल्लं झाली, त्यांच्याही कापल्या. पाच पिढ्यांत नऊशेच्या वर पिल्लं. एकही बिनशेपटीचं नाही. पडदा पडला तिथे.


वाळवीवेडा:

हा प्रयोग लामार्कविरुद्ध वापरायचा म्हणजे जे तो बोललाच नाही ते खोडून काढायचं. प्राण्याने स्वतः वापरून किंवा न वापरून जो बदल होतो त्याबद्दल तो बोलत होता, सुरीने कापलेल्याबद्दल नाही. वाइसमानचा रोखही तेव्हा ‘जखमा वारशाने जातात’ म्हणणाऱ्यांवर होता. त्यासाठी उंदीरही लागत नाहीत. आपल्याकडे बारशापासून कान टोचतात, शेकडो पिढ्या झाल्या. भोकं पडलेल्या कानांचं बाळ कुणी पाहिलंय?

पेट्रीडिश, एकच पूर्वज त्याच्याकडे नाही हे बरोबर. पण त्याच ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या पुरवणीत फाटे फुटणारी आकृती आहे, सरळ जिना नाही. कृमींपासून एक फाटा, त्यातून पुढे दुसरे. पासष्टाव्या वर्षी माणूस स्वतःचा जिना मोडत होता. त्याचं श्रेय द्याल की नाही?


पेट्रीडिश:

आकृतीचं श्रेय देते. पण फाटे दाखवूनही निर्जीवातून नव्याने जीव होण्याची प्रक्रिया चालू ठेवलीच आहे त्याने. आणि हे फाटे का फुटतात याचं कारण जे दिलंय ते चालत नाही. कारण चुकलं की आकृती नुसती देखणी उरते.


जुनाकॉम्रेड:

लामार्कचं नाव निघालं आणि लिसेंको कुणाला आठवला नाही? सोव्हिएत युनियनमध्ये वातावरणाने पिकांचा स्वभाव कायमचा बदलता येतो असं सांगून या माणसाने स्टालिनला खिशात घातलं. विरोध करणारा वाविलोव, जगभर फिरून बियाणं गोळा केलेला शास्त्रज्ञ, १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने मेला. १९४८ मध्ये तर जनुकशास्त्रावर अधिकृत बंदीच आली. आम्ही तरुणपणी हे ‘भांडवली अपप्रचार’ म्हणून झटकून टाकायचो. ‘परिस्थिती बदला, माणूस बदलेल, त्याची पोरंही बदलतील’ हे वाक्य राजकारण्याला किती गोड लागत असेल विचार करा. लामार्कची कीर्ती टिकली त्यात या गोडीचा वाटा मोठा आहे.


वाळवीवेडा:

कॉम्रेड, त्या न्यायाने गाल्टन आणि नाझींच्या वंशशुद्धीचं बिल डार्विनच्या नावाने फाडावं लागेल. १८२९ मध्ये मेलेल्या माणसाने १९४८ च्या ठरावाचा जबाब कसा द्यायचा?


घाणेरीचीफुलं:

तुमची मारामारी चालू द्या. मी झाडांवाली, मला लामार्क रोज भेटतो. फणसाचं शास्त्रीय नाव लिहिलं की मागे ‘लॅम.’ लागतं. शेवग्याला तेच. आपट्याला तेच. पळसाला कंसात. हे ‘लॅम.’ म्हणजे आपला हाच लामार्क. १७८५ आणि १७८९ मध्ये पॅरिसमध्ये बसून त्याने एका अवाढव्य कोशात ही झाडं लिहून काढली. भारतात कधी आला नाही. वाळवून आणलेले नमुने आणि आधीची वर्णनं यांच्या जोरावर सगळं.

पळसाला त्याने पांगाऱ्याच्या प्रजातीत बसवलं होतं, फुलांच्या लाल चोचींमुळे असेल. पुढे भारतात काम केलेल्या वनस्पतीशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने पळस बाजूला काढला. पण लामार्कने नावात पकडलेली खूण आजही टिकून आहे: शेंग चपटी, पंख्यासारखी, आणि टोकाला एकच बी. चैत्रात पळसाखाली पडलेली शेंग उचलून बघा.

आणि दसऱ्याला कांचनाची पानं आपटा म्हणून ओरबाडून आणणाऱ्यांनो, दोन्ही एकाच कुळातले असले तरी वेगळे आहेत. फरक ओळखायला आम्ही जी ‘हे की ते’ अशी दोन-दोन पर्यायांची चावी वापरतो, ती लोकांच्या हातात पोचवली ती लामार्कच्या १७७८ च्या ग्रंथाने. पान समोरासमोर की एकाआड एक? समोरासमोर असेल तर या ओळीवर जा. पदवी नसलेल्या माणसालाही झाडाचं नाव काढता यावं हा हेतू. माझ्या मते त्याचं सगळ्यात टिकाऊ काम हे. याच्यावर कुणी भांडत नाही म्हणून कुणाला माहीत नाही.


चिवडाप्रेमी:

म्हणजे फणसाची भाजी खाताना लामार्कवाद मान्य करावा लागेल का?


तिरकस:

नाव ठेवणं वेगळं, कारण सांगणं वेगळं. फणसाला नाव दिल्याने उत्क्रांती सिद्ध होत नाही. मात्र हे काम पक्कं, याबद्दल वाद नाही. देवघरातल्या शंखाची प्रजातीही त्यानेच १७९९ मध्ये वेगळी केली आहे, ही माझ्याकडून भर. वर्गीकरणकार म्हणून त्याला पहिल्या रांगेत बसवा, मी खुर्ची आणून देतो.


सेनकाठी:

पॅरिसमध्ये राहते, राजाच्या त्या जुन्या बागेतून येणं-जाणं असतं म्हणून लिहिते. ओस्टरलित्झ स्टेशनच्या बाजूने झार्दँ दे प्लांतमध्ये शिरलं की समोरच लामार्कचा मोठा पुतळा. १९०९ चा, लोकवर्गणीतून उभारलेला. खाली कोरलंय, उत्क्रांतीच्या सिद्धांताच्या संस्थापकास. १९०९ म्हणजे त्याच्या ग्रंथाची शंभरी, पण डार्विनच्या जन्माचीही शंभरी. केंब्रिजमध्ये डार्विनचा सोहळा झाला त्याच वर्षी फ्रेंचांनी हा पुतळा उभा केला, यातला टोला कळायला फार हुशारी लागत नाही. थोडक्यात, कीर्ती टिकते तेव्हा त्यात देशाभिमानाचा खतपाला असतो.

गंमत आणखी एक. बागेच्या भोवतीचे रस्ते ब्युफाँ, कुव्हिए आणि जोफ्र्वा सँ-इलेर यांच्या नावाचे. लामार्कच्या नावाचा रस्ता पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोंमार्त्रच्या टेकडीवर. शेजारी नको म्हणून पाठवल्यासारखा.

पुतळ्याच्या मागच्या बाजूला जा, तिथे फारसं कुणी जात नाही. आंधळा म्हातारा लामार्क बसलाय आणि मुलगी कोर्नेली सांगतेय: पुढच्या पिढ्या तुमचं कौतुक करतील, त्या तुमच्या वतीने सूड घेतील, बाबा. वाक्य भारदस्त आहे, पण मला त्या शिल्पाचा राग येतो. १८१८ च्या सुमाराला त्याची दृष्टी गेली. अपृष्ठवंशी प्राण्यांवरचा सात खंडांचा ग्रंथ १८२२ पर्यंत पूर्ण झाला. शेवटचे खंड मुलीने त्याच्या तोंडून ऐकून लिहून घेतले आणि काही भाग सहकाऱ्यांनी पेलला. पुतळ्यात तिच्या हातात लेखणी नाही. ती फक्त सांत्वन करतेय.

आणि बाप गेल्यावर तिचं काय झालं? अंत्यविधीच्या पैशासाठी घरच्यांना अकादमीपुढे हात पसरावे लागले. पुस्तकं आणि वनस्पतींचा संग्रह विकला गेला. मोंपार्नासच्या दफनभूमीत जागा पाच वर्षांच्या भाड्याची, मुदत संपल्यावर हाडं कुठे गेली पत्ता नाही. १८३२ मध्ये कोर्नेली त्याच संग्रहालयात, जिथे बाप छत्तीस वर्षं प्राध्यापक होता, वाळलेली झाडं कागदावर चिकटवायचं काम तुटपुंज्या पगारावर करत होती. एका वनस्पतीशास्त्रज्ञाने ते पाहून लिहून ठेवलंय. तिच्या हाताखालून गेलेल्या कित्येक झाडांना नावं तिच्या बापाने दिलेली असणार.


घाणेरीचीफुलं:

सेनकाठी, हे माहीत नव्हतं. नमुना चिकटवताना देठ मोडू नये म्हणून श्वास रोखावा लागतो. पुढच्या वेळी शेवग्याचा चिकटवताना ती आठवेल.


तिरकस:

दुःखद आहे. पण दारिद्र्य हा सिद्धांताचा पुरावा होत नाही. आणि ‘सूड’ म्हणजे कुणावर? कुव्हिएवर? त्यानेही गौरवलेख लिहिलाच की.


वाळवीवेडा:

तो गौरवलेख वाचलाय का? १८३२ च्या नोव्हेंबरात अकादमीत वाचला गेला, तोवर कुव्हिए स्वतः मेला होता. वनस्पती आणि शिंपले यांच्यासाठी मनापासून स्तुती, नाही म्हणत नाही. मग उत्क्रांतीकडे आला आणि म्हणे असा सिद्धांत कवीच्या कल्पनेला रिझवेल, पण ज्याने एकदा हात, आतडं, साधं पीस जरी चिरून पाहिलंय तो क्षणभरही मानणार नाही. आणि पोहायची इच्छा झाली म्हणून बदकाच्या पायाला पडदे आले, अशी टवाळी. लामार्कच्या लिखाणात साखळी वेगळी आहे: परिस्थिती, गरज, सवय, मग अवयव. नुसत्या इच्छेने पंख फुटतात असं तो कुठेही म्हणत नाही. पण हीच टवाळी इंग्लंडात पोचली आणि तीच टिकली. डार्विनसारखाच नैसर्गिक निवडीचा सिद्धांत स्वतंत्रपणे मांडणाऱ्या वॉलेसने १८५८ मध्ये जिराफ पुढे आणला तोही लामार्कला खोडायला. डार्विनने मानेची सविस्तर चर्चा केली ती थेट १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत. दोन जिराफांच्या रांगा शेजारी शेजारी, एक लामार्कची नि एक डार्विनची, ही तर पाठ्यपुस्तकवाल्यांची करामत.

नेपोलियनचीही गोष्ट घ्या. १८०९ मध्ये लामार्क दरबारात आपला ग्रंथ द्यायला गेला. बादशहाला वाटलं पुन्हा ते हवामानाचं पंचांग. सगळ्यांसमोर झापलं, तुमच्या पांढऱ्या केसांकडे बघून घेतो म्हणाला आणि पुस्तक न बघता मागच्या माणसाच्या हातात दिलं. म्हातारा ‘हे निसर्गविज्ञानाचं आहे’ एवढंही धड सांगू शकला नाही, रडायला लागला. खगोलशास्त्रज्ञ आरागोने लिहून ठेवलंय हे.


तिरकस:

दहा वर्षं पंचांगं काढली नसती तर बादशहाचा गैरसमज झाला नसता. एवढंच बोलतो.


फळाखडू:

सगळं वाचलं. मी दहावीला विज्ञान शिकवतो, वर्गात साठ पोरं, तास पस्तीस मिनिटांचा. वाळवीवेडा, जिराफ काढा म्हणणं सोपं आहे. वर्षभरात मी जे शिकवतो त्यातलं बोर्डाच्या परीक्षेनंतर पोरांच्या डोक्यात जे उरतं त्यात तो जिराफ असतो. तो काढला तर लामार्कही जाईल आणि डार्विनचा फरकही. चुकीचा सिद्धांत शेजारी ठेवला की बरोबरचा कळतो, हे वर्गात उभं राहिलं की समजतं. तुम्हाला काय ठेवायचंय त्या जागी? कोळी-विंचू वेगळे केले हे? पोरं झोपतील.


वाळवीवेडा:

मास्तर, जिराफ ठेवायचाच तर पूर्ण ठेवा. त्याच्या मानेचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही हेही सांगा. १९९६ मध्ये काहींनी मांडलं की मान पाल्यासाठी नव्हे, माद्यांसाठी नरांच्या होणाऱ्या झुंजींमुळे वाढली, आणि त्यावर आजही भांडण आहे. पोरं झोपणार नाहीत, हमी देतो.


पेट्रीडिश:

मास्तर, माझी एक युक्ती वापरून बघा. फळ्यावर जिराफाऐवजी अंधाऱ्या गुहेतले आंधळे प्राणी घ्या. अंधारात डोळे वापरले गेले नाहीत म्हणून ते गेले, असं एका मोठ्या शास्त्रज्ञाने लिहिलंय म्हणून सांगा आणि विचारा, कोण हा? सगळा वर्ग ‘लामार्क’ ओरडेल. मग सांगा, १८५९, डार्विन, त्याच्याच गाजलेल्या ग्रंथात. न वापरल्यामुळेच गेले, असं त्याने स्वतः लिहिलंय. १८६८ मध्ये तर अंगभरातून सूक्ष्म कण गोळा होऊन पुढच्या पिढीत जातात असा सिद्धांतही मांडला, कमावलेले गुण कसे उतरतात ते समजावायला. चूक ही कुणा एकाची जहागीर नव्हती हे पोरांना दोन मिनिटांत कळतं.


तिरकस:

छान. आणि बोर्डाच्या पेपरात ‘वापर व न वापराचा सिद्धांत कोणी मांडला’ या प्रश्नाला एखाद्या हुशार पोराने ‘लामार्क, पण डार्विनही मानत होता’ लिहिलं तर?


फळाखडू:

मॉडेल आन्सरमध्ये नसेल तर शून्य. पेपर तपासायला मीच असलो तर अर्धा मार्क, तोही मॉडरेटरने बघितला नाही तर.